साहेबाचे खुबे

आमच्या वरच्या मजल्यावर काकू राहतात. कपड्यांच्या, बॅगांच्या बिघडलेल्या चेन बदलून देतात, म्हणून सगळी इमारत त्यांना चेनकाकू म्हणते. इमारतीला लिफ्ट नाही. मुलगा परदेशात. जाताना आपला जर्मन शेफर्ड आईच्या गळ्यात मारून गेला. कुत्र्याचं नाव साहेब, आणि काकूंनी त्याची सरबराईही तशीच ठेवली.

दर रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा. "आई, साहेब कुठंय?" हे पहिलं वाक्य. पुढची सगळी वाक्यंही साहेबाबद्दलच. माझं तोंड जरा फटकळ. एकदा म्हणाले, "काकू, हा कुत्रा नसता तर तुमचा फोन कधी वाजला असता का हो?"

काकूंनी शिलाई मशीनवरून मान वर केली नाही. "म्हणून तर जपते त्याला," म्हणाल्या.

साहेब म्हातारा झाला. उठताना सगळा भार पुढच्या पायांवर घेऊन मागचं धूड कसंबसं ओढायचा. चालताना मागचे दोन्ही पाय जोडून सशासारख्या उड्या मारायचा. बघणारे हसायचे. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचे पाय मागेपुढे करून पाहिले, एक्स-रे काढला आणि सांगितलं, "खुब्यांचे सांधे झिजलेत. आधी वजन उतरवा. जिना बंद. गुळगुळीत फरशीवर काहीतरी जाड अंथरा."

"पण कण्हत नाही हो तो," काकू म्हणाल्या.

"कण्हत नाही म्हणून दुखत नाही असं नसतं, काकू."

जिना कसा बंद करणार? काकूंनी बॅगांच्या जाड पट्ट्यांची एक झोळी शिवली. ती साहेबाच्या पोटाखालून घ्यायची, मागचा भाग उचलून धरायचा, आणि तीन मजले खाली, तीन मजले वर. त्यांचे स्वतःचे गुडघे केव्हाच कामातून गेले होते, पण ते कोण विचारतंय!

मुलाला त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. कळलं तर कुत्रा नेईल आणि फोनही बंद होईल, ही धास्ती. रविवारी फोन यायच्या आत साहेबाला सोफ्यावर चढवायच्या, आणि त्याने उठू नये म्हणून एकामागून एक बिस्किटं भरवायच्या. तिथेच चुकलं. वजन उतरायचं राहिलं बाजूला, उलट चढत गेलं, आणि सगळं त्याच झिजलेल्या सांध्यांवर. मी ओरडले. "एक दिवस खातो बिचारा," म्हणाल्या. एक दिवस कसला! बिस्किटं देऊन त्याला गप्प बसवायची तालीम रोज चालायची.

एका रविवारी बिस्किटं संपली आणि फोन चालूच राहिला. मालकाच्या आवाजाने साहेब सोफ्यावरून उतरायला गेला, मागचे पाय फरशीवर फाकले आणि तो फोनसमोरच पोटावर आपटला. पोरगा ढसाढसा रडला. वडील गेले तेव्हा त्याला तिकीट मिळालं नव्हतं. या वेळी मिळालं.

आला तो आईवर डाफरतच. "किती हाल केलेस त्याचे!" शहराबाहेर म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी एक जागा आहे. सगळं तळमजल्यावर, जमिनीला रबरी चटया, सांध्यांसाठी कोमट पाण्याचा हौद. साहेबाला दोन्ही हातांवर उचलून तो जिना उतरू लागला. मागून काकू कठडा धरून आडव्या आडव्या उतरत होत्या.

मी दारातच गाठला त्याला. "आणि आईसाठी तळमजला बघितलास का रे?"

"आईला काय झालंय? धडधाकट आहे ती."

तिथे साहेब सुधारला, हे मात्र खरं. वजन उतरलं, आपला आपण उठायला लागला. मुलाचा फोन आता थेट तिकडेच जायचा. काकू मशीन बंद ठेवून बसायच्या, आवाजात फोन ऐकू आला नाही तर म्हणून. मग एकदा वाजला. "आई, तिथली माणसं कॅमेरा नीट धरत नाहीत गं. रविवारी तू जात जा ना."

काकू हरखल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्यांना एकटं कशी सोडणार? बरोबर गेले.

साहेब गादीवर पसरला होता. काकू ठेवणीतले कपडे घालून, केस नीट बसवून त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या. फोन माझ्या हातात दिला. आज त्यांनाही दिसायचं होतं. मुलाचा चेहरा आला, हसला, पुढे वाकला.

"आई, जरा बाजूला हो ना. साहेब दिसत नाहीये."

काकूंनी हात टेकून उठायचा प्रयत्न केला. गुडघे उचलेनात. मग बसल्या बसल्याच फरफटत बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "आता दिसतो का रे?"