पुण्याचे पंचांग आणि जेबेल जैसची थंडी

आखातातल्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतील मुलाच्या घराचा सज्जा पश्चिमेकडे उघडतो. त्यामुळे येथे आल्यापासून माझी पत्नी सूर्याला अर्घ्य देत असे ती जिन्याजवळच्या खिडकीतून, समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे पाहत. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर तिने एकच इच्छा बोलून दाखवली : यंदाच्या रथसप्तमीला उगवते बिंब उघड्यावर, संपूर्ण पाहायचे.

मुलगा कामासाठी परगावी होता. सून म्हणाली, मी नेते, जेबेल जैसच्या डोंगरावर. तिची विजेवरची गाडी नवी होती. ती घेऊ नये असा सल्ला मी दिला होता. तिने तो नम्रपणे ऐकून घेतला होता आणि मानला नव्हता.

वेळ मी काढली. पुण्याहून आणलेल्या पंचांगात सूर्योदय सात वाजून आठ मिनिटांनी होता. पुण्यातल्या भावाला फोन करताना हिशेब करतो, तसे त्यातून दीड तास वजा केले. पाच अडतीस. पायथ्याच्या चार्जिंग स्टेशनवर सुनेला अजून अर्धा तास थांबायचे होते. पर्वकाळ कोणासाठी खोळंबत नाही, असे सांगून मी तिला निघायला लावले.

चढावर बाहेरचे तापमान चार अंशांवर आले आणि पडद्यावरील चार्जचा आकडा भराभर घसरू लागला. थंडीत बॅटरी मंदावते, चढ तिला दमवतो आणि आतली ऊबही तिच्यातूनच जाते, असे सुनेने शांतपणे समजावले. तिने हीटर बंद केला, फक्त सासूबाईंचे आसन तापते ठेवले. मी माझी शाल पत्नीच्या गुडघ्यांवर घातली. वर पोहोचलो तेव्हा अठरा टक्के उरले होते.

पाच अडतीस झाले. पावणेसहा झाले. तारे होते तसेच होते. सुनेने मोबाइल पाहिला आणि हलकेच म्हणाली, “बाबा, इथला सूर्योदय सातचा आहे. तुम्ही पुण्याचा धरलात.”

प्रत्येक स्थळाचा सूर्योदय निराळा, हे मी आयुष्यभर शिकवत आलो. काळोखात पत्नी म्हणाली, “चाळीस वर्षे मुलांना देशकाल शिकवला यांनी. आता सूर्यालाही घाई करायला निघालेत.” सून खिडकीकडे तोंड करून हसली.

पत्नीचे गुडघे आखडू लागले होते. मला भय वाटले. आत्ताच खाली उतरू, असे मी सुचवले. पत्नी मात्र मांडीवरचे ताम्हन दोन्ही हातांनी धरून बसली.

“थांबू या, बाबा,” सून म्हणाली. “उतारावर गाडी वीज परत मिळवते. पायथ्यापर्यंत नक्की पोहोचू. माझ्यावर विश्वास ठेवा.”

मी ठेवला. तासाभराहून अधिक काळ आम्ही तिघे त्या गारठ्यात बसलो, थर्मासमधला चहा पुरवून पुरवून घेत. मग पूर्वेकडच्या सुळक्यांमागे तांबडे फुटले आणि बिंब वर आले. सुनेने पत्नीला हात देऊन उभे केले. अर्घ्याचे पाणी ओंजळीतून संपून गेले तरी तिचे हात तसेच पुढे होते. “कड दिसते हो,” ती म्हणाली, “अगदी रेखीव.”

उतरताना आकडा खरोखरच चढू लागला. एकोणीस, वीस, एकवीस. प्रत्येक टक्का मी मोठ्याने वाचून दाखवीत होतो.