साळूबाईचं रडणं

आमच्या धावडा गावात मयत झाली की पहिला निरोप साळूबाईला जायचा. ही माझी थोरली जाऊ. दारातूनच हेल काढायची, मेलेल्याचे गुण गात गात आत यायची, अन् घरातली जी बाई कोरड्या डोळ्यानं बसलेली असंल तिला बराबर हुडकून गळ्याशी धरायची. "रड माय, पोटात ठिवू नको." बांधाच्या भांडणातून अबोला धरलेल्या भावकीतल्या बायका तिच्यापुढं एकमेकीच्या गळ्यात पडलेल्या मी पाह्यल्यात. मी चिडवायचे, "बाई, तुम्हाला रडायला नुसतं निमित्त लागतं." ती म्हणायची, "रडलेलं माणूस दोन घास खातं गं."

मंग तिचाच बबलू गेला. भोकरदनच्या रस्त्याला मोटारसायकल घसरली. एकुलतं एक, लग्नाला आलेलं पोरगं. माती झाली तरी ह्या बाईच्या डोळ्यातून टिपूस न्हाई. भिंतीला पाठ लावून बसली ती बसली. शेजारणी कडू भाकरी आणायच्या, दुःखाच्या घरी चूल पेटत न्हाई म्हणून. ती भाकरीला हातबी लावंना. ही बी पोराच्या मागं जाती का काय, ह्या धास्तीनं माझा जीव उडून गेल्ता.

पै-पाहुण्यांच्या बायका यायच्या, रडायच्या. "सोन्यासारखा होता गं, कामाला वाघ होता, कोणाला उलटून बोलला न्हाई." साळूबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राह्यची, दुसऱ्याच कोणाच्या पोराचं चाललंय असं.

माझं डोस्कं फिरलं. मेल्या माणसाला नावं ठेवू न्हाई, मलाबी कळतं. पण राहवलं न्हाई.

"कशाचा वाघ?" मी म्हणले. "दहा हाका मारल्याबिगर अंथरूण सोडत नव्हता. पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला मळ्यात धाडला की हा मोबाईलमधी, अन् पाणी शेजाऱ्याच्या मक्यात. माझ्या दुधावरची साय खायचा अन् मांजरीवर ढकलायचा."

बायकांनी तोंडाला पदर लावले. एकीनं माझा हात ओढला. साळूबाईनं झटक्यात मान वळवली.

"माझ्या लेकराला बोलू नको," ती म्हणली. "साय त्याला लई आवडायची. मीच त्याला..."

तिथंच तिचा बांध फुटला. हेल न्हाई, गुण गाणं न्हाई, नुसता हंबरडा. मी तिला पोटाशी धरलं अन् मीबी रडले. माझ्याच तर कडेवर वाढल्ता तो. बाहेर मंडपात तिचे मालक, मच्छिंद्रभाऊ, माणसांत ताठ बसले होते. ते उठून आत आले अन् सगळ्या बायकांसमोर तोंडाला टॉवेल लावून रडले. गप बसा असं त्यांना कोणी म्हणलं न्हाई.

लई वेळानं ती शांत झाली. मी भाकरी वरणात कुस्करून तिच्या हातात दिली. तिनं एक घास खाल्ला, दुसरा घेतला. मंग माझ्याकडं पाहून हळूच म्हणली,

"म्हंजे खरंच गेला का गं तो?"

मी हो म्हणले.