आईचं नाव यादीत नाय

देवळात शिरताना चपला बाहेर काढतात, त्यात नवल नाही. हा माणूस मतदानाच्या खोलीतही अनवाणी जायचा. शाळेच्या पायरीवर चपला काढायच्या, हात धोतराला पुसायचे, मग आत. अधिकारी हसून म्हणायचे, "बाबा, हे देऊळ नाही."

"नसंल. पण आत एकट्यालाच जावं लागतं ना?"

किन्हवलीच्या पलीकडचं आमचं गाव. गावदेवीची पूजा पिढ्यान् पिढ्या या माणसाच्या घराकडे. आमचं घर शेजारी, म्हणून ते माझे काका. शहापूरच्या कॉलेजात जाऊन मी गावातला पहिला पदवीधर झालो. त्याचा मला माज होता, अजूनही थोडा आहे. निकालाच्या दिवसापासून काकांनी माझं नावच टाकून दिलं. "काय रे बीए, भात कापाय येतोस, का बीएला चालत नाय?"

काका-काकूंचा चाळीस वर्षांचा संसार. पण मत कोणाला दिलं, हे दोघांनी एकमेकांना कधी सांगितलं नाही. शाळेतून परतताना काकू मुद्दाम खोडी काढायची. "कोणाला मारला शिक्का?"

"तुला कशाला? देवीपुढं काय मागलंस ते सांगतेस का मला?"

"सांगते की. तुमची जीभ आखूड कर म्हणून मागते."

आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एक रीत पडली होती. तुम्हीही कुठे पाहिली असेल. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी देवीपुढे नारळ मांडायचा. एकेका घराचं नाव पुकारायचं. घरच्या कर्त्यानं नारळावर हात ठेवून बोलायचं, आमच्या घरातली मतं अमक्या पॅनेललाच. शपथ मोडली तर देवीचा कोप. शिक्का मारताना पुठ्ठ्याच्या आडोशालाही म्हाताऱ्या माणसांना देवी उभी दिसायची.

एका निवडणुकीत एका म्हातारीनं नारळावर हात ठेवला आणि मत मात्र दुसऱ्या पॅनेलमधून उभ्या असलेल्या आपल्या भावाला दिलं. त्या पावसात तिचा नातू तापानं गेला. त्यानंतर ती रोज देवळाच्या पायरीवर येऊन बसायची. "माज्या मतानं खाल्ला त्याला," एवढंच म्हणायची. काका पूजेचं तांब्याभर पाणी तिच्यापुढे ठेवायचे.

पुढच्या निवडणुकीत काकांनी देवळाला कुलूप घातलं आणि दारात बसले.

पॅनेलचे पुढारी नारळ घेऊन आले. मागे सगळं गाव. "उघडा."

"पूजेला उघडतो. नारळाला नाय. मतं मागा, घरोघर फिरा, पाया पडा. आईचं नाव यादीत नाय. तिला मधी घालू नका."

कोणीतरी खुदकन हसलं. पुढारी हसले नाहीत. "गावाच्या विरोधात जाताय तुमी."

काकांनी गर्दीत मला शोधलं. "बीए, तू शिकलास. तू सांग यांना. मत गुपित असतं का नाय? कायद्यात हाय का नाय?"

होतं. राज्यशास्त्राच्या पेपरात मी त्यावर उत्तर लिहिलं होतं, मार्कही मिळवले होते. पण ग्रामपंचायतीत क्लार्कची जागा निघणार होती आणि पुढाऱ्यांनी ती माझ्यासाठी धरून ठेवली होती. मी खाली बघितलं.

"मला तेवढं माहीत नाही, काका."

मग चार जणांनी त्यांना उचलून बाजूला बसवलं आणि कमरेची किल्ली काढून घेतली. वडील गेल्यापासून घरचा कर्ता मीच. नाव आल्यावर मी हात ठेवला. दुसऱ्या दिवशी मतही तसंच दिलं.

काकांकडची पूजा गेली. वाळीत टाकलं, असं कोणी तोंडानं म्हणालं नाही. ते आवणीला कळलं. भाताची लावणी आमच्याकडे सावडीनं होते. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या माझ्या. त्या वर्षी काकांच्या शेतात कोणी उतरलं नाही. दोन एकर आणि दोन म्हातारी माणसं. दिवसभर वाकलेली, पावसात. लावायची राहिलेली रोपं पिवळी पडत चालली. आमच्या ओटीवरून सगळं दिसायचं.

एका सकाळी माझी आई डोक्यावर इरलं घेऊन निघाली. मी दारात आडवा झालो. "नको जाऊ. माझी ऑर्डर यायचीय."

"आग लागो तुज्या ऑर्डरीला," आई म्हणाली. पण गेली नाही. इरलं खुंटीला अडकवून चुलीपुढे बसली. त्या दिवशी ती जेवली नाही.

ऑर्डर आली. काकांचं अर्धं शेत पडीक राहिलं. पुढच्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी काकूचे गुडघे गेले, तेव्हा मुलीनं दोघांना आपल्याकडे नेलं, मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला.

पुन्हा निवडणूक आली. मतदारयादी माझ्याच टेबलावर होती आणि काकांचं नाव अजून आमच्याच गावात होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी मी पहिली एसटी धरली. वाटलं, ते दारात बसले तर यावेळी मीही शेजारी बसेन.

काका खाटेवर होते. उजवं अंग गेलेलं, बोलणं जड.

"बीए. कशाला आलास?"

"आज संध्याकाळी नारळ आहे. चला काका. मी गाडी करतो."

त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि सोडला. तो खाटेवर पडला. "हा घेऊन कुठं बसू दारात? तू बस की. तुजे दोनी चालतात."

मग इतकी वर्षं आत ठेवलेलं तोंडात आलं. "काका, त्या वेळी मी मत..."

"थांब." चांगला हात वर झाला. "ते नाय सांगायचं."

"सांगू द्या. ओझं झालंय मला."

"असू दे. ते तुजं हाय. माज्याकडं देऊ नको."

काकूनं कोरा चहा आणून दिला. तो पिऊन मी निघालो. ती आमची शेवटची भेट. त्याच महिन्यात ते गेले.

त्या दिवशी गावात उतरलो तेव्हा दिवस मावळत होता. देवळाचं दार सताड उघडं, उंबऱ्यावर कोणी नव्हतं. आत नारळ मांडून झाला होता आणि घरांची नावं पुकारणं चालू होतं. आमच्या घराआधी काकांचं घर लागायचं. पुढाऱ्यांनी ते वगळलं आणि माझं नाव घेतलं.