मेहुण्याचे मासे

१९ नोव्हेंबरला टाकीवाल्या काकांनी मायक्रोस्कोपचे ११,४४० रुपये मोजले. दातांच्या दवाखान्यातली खाऱ्या पाण्याची टाकी ते नऊ वर्षं सांभाळत होते. त्या आठवड्यात पाच मासे मेले आणि डॉक्टरांनी पेशंटांसमोर विचारलं, मिठाचं माप चुकलं का. काकांच्या ते जिव्हारी लागलं. डॉक्टरांच्या मेहुण्याने दोन नवे मासे आणून, वेगळे न ठेवता थेट टाकीत सोडले होते. रोग तिथूनच आला, अशी काकांची खात्री होती. पण सांगून कोण ऐकतं? दाखवायलाच हवं.

दुकानदार दोन हजार पट मोठं दाखवणारा मायक्रोस्कोप गळ्यात मारत होता. काकांनी चारशे पटीचाच घेतला. चारशेच्या पुढे जिवंत थेंबातला जीव नुसता धुक्यासारखा दिसतो, हे ते वाचून गेले होते. मात्र दोन्ही डोळ्यांनी बघता येणारा निवडला. त्याचे अडीच हजार जास्त पडले. एक डोळा मिटून बघायला लावलं तर डॉक्टर धड बघणार नाहीत, हा त्यांचा हिशोब. बायको म्हणाली, "तुमच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलीय, आणि भिंगं डॉक्टरांसाठी."

दुसऱ्या दिवशी काकांनी मेहुण्याचा मासा जाळीत धरला, अंगावरचा चिकट थर काचपट्टीवर घेतला आणि डॉक्टरांना बोलावलं. रोगाचे करडे गोल जीव जागच्या जागी गरगरत होते. डॉक्टर बराच वेळ वाकून बघत राहिले.

"दिसतंय मला, काका. पण बायकोच्या भावाला काय सांगू?"

"त्यांना काही सांगू नका. माझं माप बरोबर होतं, एवढं चार लोकांत बोला."

डॉक्टरांनी हातमोजे चढवले आणि पुढच्या पेशंटला आत घ्यायला सांगितलं.

एक तारखेपासून टाकी मेहुणा बघू लागला. काउंटरवरच्या बाईंनी फोन करून कळवलं, की काकांचं वय झालं, माप चुकायला लागलं, असं डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मग मेहुण्याचाही फोन आला. तो मायक्रोस्कोप आता तुमच्या काय कामाचा, अर्ध्या किमतीत देता का, असं त्याने विचारलं. काकांनी फोन ठेवला.

काकांनी टाकीच्या पंपाचं रबर बदललं होतं, त्याचे ३६० डॉक्टरांकडून अजून यायचे आहेत.