फौजदाराची मान

मंगळवार, १४ फेब्रुवारी १९७८. सकाळी गारठा. पावणेनऊला प्रयोगशाळेत पोचले. फौजदाराचे वजन तीन किलो शंभर, दूध संपवले. सरांनी वहीतला चौथा रकाना नव्याने लिहून मागितला. मी नाही म्हटले.

डायरीतले बाईंचे अक्षर नेहमीसारखेच सरळ होते, पण पेन इतके दाबून धरले होते की पानाच्या मागून बोट फिरवले तर ओळी हाताला लागाव्यात.

बाईंना ही नोकरी लागली होती अक्षरामुळेच. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन दूर गेली आणि पन्नाशी उलटल्यावर त्या मांजरांच्या प्रयोगशाळेत नोंदी लिहायला आल्या. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लहानपणीच एक शिस्त अंगात भिनवली होती. खोडरबर हातात घ्यायचे नाही. चुकले तर वर एक रेघ मारायची, आणि खालचे वाचता आले पाहिजे. घरच्या डायरीतही त्यांनी कधी काही खोडले नव्हते.

सरांचा प्रयोग मेंदूच्या पुढच्या भागावर होता. तो भाग डोळ्यांना कसा वळवतो, हे त्यांना पाहायचे होते. फौजदार या करड्या बोक्याच्या कपाळामागे, मेंदूच्या डाव्या बाजूला, केसाएवढी बारीक तार बसवली होती. तिच्यातून विजेचा इवलासा झटका गेला की त्याचे दोन्ही डोळे उजवीकडे सरकत. डोळ्यांची हालचाल नीट मोजता यावी म्हणून डोके चौकटीच्या दोन स्क्रूंमध्ये आवळलेले असे. येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेतल्यासारखा तो पिंजऱ्यातून बघत राही, म्हणून फौजदार. त्याला दुखत नसे, पण धड ज्या कापडी पिशवीत गुंडाळत तिच्यात तो गप्प बसे तो एकाच अटीवर. बाईंचा डावा हात त्याच्या मानेवर हवा. हात काढला की सगळा मजला डोक्यावर घेई.

म्हणून बाई उजव्या हाताने लिहीत आणि डावा मानेवर ठेवत. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या अंगठ्याला कळले की डोळे उजवीकडे निघाले की मानेची उजवी बाजू दगडासारखी ताठ होते. डोके आवळलेले, त्यामुळे दिसत काहीच नसे. चौथ्या रकान्याचे नाव होते ‘मान’, आणि सर तिथे ‘नाही’ एवढेच धरून चालले होते. बाई लिहीत, ‘उजवी, ताठ’. तीनशे बारा झटक्यांपैकी दोनशे नव्वद वेळा त्यांनी तसे लिहिले.

सरांनी तो रकाना तीन महिने उघडून पाहिला नाही. मेंदूचा हा भाग फक्त डोळे हलवतो, मानेशी त्याचा संबंध नाही, असा लेख लिहून त्यांनी पाठवूनही दिला. लेख तपासणाऱ्यांनी मानेच्या नोंदी मागितल्या तेव्हा कुठे वही उघडली.

“डोकं आवळलेलं आहे, बाई. मान हलणार कशी?”

“हलली असं मी लिहिलेलंच नाही. ताठ झाली असं लिहिलंय.”

अंगठा हे काही मोजमापाचे यंत्र नाही, असे सर म्हणाले. रकाना बदलून द्यायचा नसेल तर वहीच रद्द समजायची, आणि प्रयोग पहिल्यापासून करायचा. पिंजऱ्यांत तीन नवी मांजरे होतीच; सोमवारी त्यांची डोकी उघडायची.

“तीन मांजरं, तुमच्या अंगठ्यापायी,” ते म्हणाले. “तुम्हीच ठरवा.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटे लिहा, नाहीतर तीन जीवांचे पाप तुमच्या माथी. बोलणाऱ्याने आयुष्यात कधी मांजर पाळले नसणार. मांजराचे डोळे वळतात ते जेमतेम. बाकीचे सगळे ते मान वळवूनच बघते. ज्याच्या घरात मांजर आहे त्याला हे कुणी शिकवावे लागत नाही.

घरी सोबत राहणाऱ्या जाऊबाईंनी सगळे ऐकून घेतले. “माझ्या आमटीत मीठ जास्त पडलं ते तुम्ही तारखेसकट लिहून ठेवलंत. मला कधी सोडलं नाहीत, मग त्याला का सोडता?”

रात्रभर बाईंचा राग निवला नाही. सकाळी त्या तळमजल्यावरच्या फिटरकडे गेल्या. चौकट त्याच्याच हातची. सगळे त्याला पानेवाले म्हणत. त्यांनी स्क्रूची किल्ली मागितली.

“सरांसाठी हवी असेल तर मोठा पाना न्या,” पानेवाले म्हणाले. “ही फक्त मांजराला पुरते.”

फौजदाराला चौकटीत बसवून सर बटणापाशी गेले तशी बाईंनी किल्ली काढली आणि दोन्ही स्क्रू सैल केले.

“काय चाललंय? नोंद खराब होईल.”

“वही रद्दच करणार आहात ना? मग आणखी एक पान खराब झालं तर काय बिघडलं? दाबा.”

सरांनी रागाने बटण दाबले. फौजदाराचे डोळे उजवीकडे सरकले आणि त्यांच्या पाठोपाठ सगळे डोके शांतपणे उजवीकडे वळले, जणू तिकडे कुणी हाक मारली होती. बाईंचा हात मानेवर नुसता टेकलेला होता. सरांनी पुन्हा दाबले, मग आणखी जोराने, जणू बोटाच्या जोरावर मान ऐकणार होती. अकरा वेळा दाबले, अकराही वेळा डोके वळले. बाईंनी अकरा ओळी लिहिल्या.

सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले की ठीक आहे, नवी मांजरे नकोत, लेख दुरुस्त करू. मानेचा अंदाज आपल्याला होताच.

त्या ‘होताच’ने बाईंचा राग पुन्हा उसळला. लेखात नाव मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांना ते नकोही होते. त्यांनी वहीचे ९ नोव्हेंबरचे पान उघडले, पहिल्या ‘उजवी, ताठ’वर बोट ठेवले आणि पेन सरांपुढे धरले.

“इथं खाली सही करा. आजची तारीख घाला. ‘आज वाचलं’, एवढंच लिहा.”

“याची काय गरज आहे?”

“मी कधी लिहिलं ते वहीत आहे. तुम्ही कधी वाचलंत ते नाही.”

फौजदार पिशवीतून सरांकडे रोखून बघत होता. सरांनी सही केली, आणि इतक्या घाईने केली की बाईंना ती वाचता येईना. त्यांनी शेजारी सुवाच्य अक्षरात सरांचे पूर्ण नाव लिहिले. मग तिन्ही पिंजऱ्यांवरच्या, सोमवारची तारीख घातलेल्या चिठ्ठ्या फाडून टोपलीत टाकल्या.

वाटेत त्या स्वतःशीच भांडत चालल्या. तीन महिने, दोनशे नव्वद ओळी, आणि म्हणे अंदाज होताच. जाऊबाईंनी काय झाले विचारले तर म्हणाल्या, आधी चहा टाका.

संध्याकाळी त्यांनी डायरीत अकराचा आकडा लिहिला, सही झाल्याचे लिहिले आणि खाली एक ओळ घातली: स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलला. अजून थेंब थेंब गळतो.