गृहशास्त्राच्या कव्हरातल्या कादंबऱ्या

फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत एक जाडजूड पुस्तक मिळालं. वर खाकी कव्हर आणि त्यावर गोल अक्षरात 'गृहशास्त्र, नववी ब'. आत मात्र तीन गाजलेल्या जुन्या कादंबऱ्या, एकत्र बांधलेल्या. गरीब मुली, बडी घराणी आणि प्रेम.

एकीच्या शेवटी बडी मंडळी मोठ्या मनाने नायिकेला सून करून घेतात. त्या वाक्याशेजारी पेन्सिलीने लिहिलंय, 'उपकार नकोत!' इतकं दाबून, की मागच्या पानावरही उमटलंय.

नववीतली पोर! पुस्तक लपवलं, पण राग नाही लपवला. आणि मी? शिंप्याची मुलगी, बंगल्यात सून होऊन आले. पाहुणे आले की सासूबाई कौतुकाने सांगतात, "आम्ही हिला पदरात घेतलं." मी मान खाली घालून चहा ओतते. उपकारात मिळालेल्या खुर्चीत माणूस कधी टेकून बसत नाही.

घरी येऊन कव्हर काढलं, पुस्तक दिवाणखान्यात टीपॉयवर ठेवलं. संध्याकाळी पाहुणे आले आणि सासूबाईंचं ते वाक्यही आलं. मी किटली खाली ठेवली, खुर्चीत टेकून बसले.

"पदरात कसलं, आई? तुमच्या मुलाने तीनदा विचारलं, तेव्हा कुठे मी हो म्हटलं."