वाट सोडणारं मशीन

किस्से साठवायला जागा लागत नाही, हे एक बरं आहे. माझ्या मित्राच्या, नितीन वानखेडेच्या सीएनसी राउटरला मात्र लंडनच्या पिनर भागातलं अख्खं गॅरेज लागतं! कॉम्प्युटरवर अक्षरं काढायची आणि मशीनने ती लाकडात कोरायची, एवढंच त्याचं काम. पण कोरता कोरता ते घसरतं खाली.

शेवटी त्याची बायको संपदा वैतागली. "दसऱ्यापर्यंत दारावरची एक पाटी सरळ कोरून दाखव. नाहीतर मशीन विकायचं आणि गॅरेजमध्ये माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक."

नितीनचा चेहरा एवढासा झाला. स्वतः एकेक नट आवळून उभं केलेलं मशीन होतं ते. मला खरंच वाईट वाटलं.

*

पहिल्या पाटीवर 'वान' झकास आलं. 'खे' उतरणीला लागलं. 'डे' थेट टेबलात कोरलं गेलं!

"बरंचसं तर झालंय ना?" नितीन म्हणाला.

"हो ना," संपदा म्हणाली. "पाहुण्यांना सांगू, उरलेलं आडनाव गॅरेजमध्ये येऊन वाचा."

*

मग ईलिंगहून आमचा मित्र सुजय मदतीला आला. सुजय प्रोजेक्ट मॅनेजर. त्यामुळे स्क्रूड्रायव्हरला हात न लावता त्याने आम्हाला मशीनभोवती उभं केलं आणि स्टँड-अप मीटिंग घेतली.

"ब्लॉकर काय आहे? काम कशाने अडलंय?"

"मशीन," नितीन म्हणाला.

"ओनर कोण?"

"मी."

"आणि डेडलाइन?"

"संपदा."

सुजयने मान डोलावली, दोन प्लेट पोहे हाणले आणि ग्रुपवर 'प्रगती उत्तम' असा मेसेज टाकून घरी गेला.

*

नितीन शेवटी सॉफ्टवेअरवाला. बिघाड शोधण्यापेक्षा कोड लिहिणं त्याला सोपं! मशीन जेवढं खाली घसरतं तेवढी अक्षरं आधीच वर चढवायची, असा प्रोग्रॅम त्याने लिहिला. त्या दिवशी मशीनला काय अवदसा आठवली कोण जाणे, ते अगदी शहाण्यासारखं चाललं. पाटीवरची अक्षरं जिना चढायला लागली!

मी टेस्टिंगमधला, मला राहवेना. "अरे, बग फिक्स केलास की नाही?"

"फिक्स नाही, ॲडजस्ट केला."

"लग्न झाल्यापासून मी दुसरं काय करतेय?" संपदा आतून ओरडली.

*

खंडेनवमीला नागपूरहून नितीनच्या आईंचा व्हिडिओ कॉल आला. "पूजा केली का रे मशीनची? नाही? मग कसं चालेल ते!"

आईपुढे कोणाचं काय चालतं? हळदकुंकू झालं, झेंडूचं फूल झालं, आणि नितीनने भक्तिभावाने मूठभर अक्षता उधळल्या. तांदूळ गेले मशीनचं डोकं सरकवणाऱ्या लांब स्क्रूमध्ये. बटण दाबल्यावर कर्रर्र आवाज झाला आणि मशीन जागच्या जागी अडकलं.

आई फोनवरून खूश! "बघ, निदान आता घसरत तरी नाही!"

*

दसरा उलटला. पाटी काही झाली नाही. नितीनने तांदळाचा दाणा न् दाणा काढला आणि जड मनाने मशीनची जाहिरात टाकली.

रविवारी स्लाऊहून गोखलेकाका मशीन बघायला आले. रिटायर्ड, चांगले धिप्पाड गृहस्थ. "चालवून दाखवा बरं," म्हणाले, आणि नीट दिसावं म्हणून मशीनच्या कोपऱ्यावर दोन्ही कोपरं टेकवून वाकले.

मशीन सुरू झालं. वा... न... खे... डे! अगदी एका रेषेत! नितीनच्या डोळ्यांत पाणीच आलं. "सॉरी काका, मला नाही विकायचं!"

"अहो, मग मला बोलावलंत कशाला?" काका सरळ उभे राहिले. नितीन तोवर आनंदाने दुसरी पाटी लावून मोकळा झाला होता. ती घसरली.

काका पुन्हा वाकले. मशीन सरळ. काका उठले. मशीन खाली.

दारात उभ्या संपदाने आधी नितीनकडे पाहिलं, मग काकांच्या कोपरांकडे.

"काका," ती म्हणाली, "आमची वरची खोली रिकामी आहे. बघून घेता का?"